झेंडा काढा, जेवायला बसा

वाचकहो, आपल्या ओळखीत असं एक तरी घर असतं, जिथं दोन भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधली आई दोघांच्या वाटचं बोलून थकते. कारण शोधायला जावं तर कुठं शेताचा बांध निघतो, कुठं आईच्या पाटल्या निघतात. डोंगऱ्यांच्या घरात यातलं काहीच निघालं नाही. तिथं निघाली महाराष्ट्राची विधानसभा. आणि घर होतं लंडनजवळच्या वॉटफर्डला!

निकालाच्या दिवशी इंद्रजित डोंगरेनं 'डोंगरे परिवार' या ग्रुपवर लाडवांचा फोटो टाकला. स्टॅनमोरला राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीनं, राजश्रीनं, खाली लिहिलं, "कुणाच्या मयताचे?" त्यानं लिहिलं, "ताई, लोकशाहीत हरायलाही शिकावं लागतं." तिनं लिहिलं, "विकायला शिकण्यापेक्षा बरं." आणि ग्रुप सोडला. त्याला आता सोळा महिने झाले होते.

गंमत अशी, की दोघांचेही पासपोर्ट ब्रिटिश. तिकडं मत कुणालाच नाही. इकडं होतं, पण कौन्सिलच्या निवडणुकीला इंद्रजित मत द्यायचं विसरला, कारण त्या दिवशी तो तिकडच्या कुठल्याशा पोटनिवडणुकीचे अंदाज ऐकत बसला होता. राजश्रीला तर आपल्या वॉर्डाचा कौन्सिलर बाई आहे की बुवा, हेही ठाऊक नव्हतं. मात्र मराठवाड्यातल्या एकूण एक तालुक्यात कोण कुणाच्या गाडीत बसून कुठल्या हॉटेलात गेलं, ते तिला तोंडपाठ!

या सगळ्यात वाटणी झाली ती आईची. द्रौपदीबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. एक आठवडा लेकाकडं, एक आठवडा लेकीकडं. दर रविवारी अकरा वाजता, वाटेवरच्या एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये दोन गाड्या शेजारी येऊन थांबत. काचा वरच राहत. एका गाडीतून द्रौपदीबाई उतरत, चार पावलं चालत, दुसऱ्या गाडीत बसत. हातात कपड्यांची पिशवी, गोळ्यांची डबी, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथांचा एखादा जाडजूड खंड.

हो, खंडसुद्धा! वडिलांनी, म्हणजे दादासाहेबांनी, पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ते ग्रंथ. भांडणानंतर विषम खंड वॉटफर्डला राहिले, सम खंड स्टॅनमोरला गेले. दोघंही वाद घालताना बाबासाहेबांचा दाखला देत, आणि नेमका हवा तो दाखला नेहमी दुसऱ्याच्या कपाटात असे. मग निरोप जाई, "आई, येताना तिच्याकडून आठवा घेऊन ये." दोन किलोचं ज्ञान कडेवर घेऊन म्हातारी कार पार्क ओलांडे आणि चालता चालता गुणगुणे:

एक डोळा वॉटफर्डाला, दुजा डोळा स्टॅनमोरी
मधल्या नाकानं गं बाई, किती करावी चाकरी

लहानपणी जात्यावर बसलेली बाई ती. तिचं दुःखसुद्धा असं पीठ होऊन, मऊ होऊन बाहेर येई.

इंद्रजितच्या शेजारी माहीनखानूम, म्हणजे आपल्या भाषेत माहीनबाई, राहत. चाळीस वर्षांपूर्वी इराण सोडून आलेल्या, इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. द्रौपदीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं; तरी कुंपणावरून दोघींचं तासतास चाले. इकडून पुरणपोळी जाई, तिकडून केशरी भात येई. रिकामं भांडं परत करायचं नाही, एवढा एक नियम दोन्ही देशांत सारखा निघाला, आणि मैत्रीला तेवढं पुरलं.

या माहीनखानूमनी एक विनोदी नाटक लिहिलं होतं. लंडनमधलं इराणी कुटुंब. नवरोजचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा दिवस. टेबलावर 'स'नं सुरू होणाऱ्या सात शुभ वस्तू मांडल्यात. भाऊ बहमन आठवी वस्तू म्हणून आपल्या गटाचा झेंडा मांडतो. बहीण शिरीन तो काढून आपला मांडते. मायदेशी राज्य कुणाचं असावं यावरून दोघं दीड तास भांडतात, भात निवतो, पाहुणे पळतात. मधल्या खुर्चीत त्यांची बहिरी आई बसलेली असते. सगळ्या नाटकात तिला एकच वाक्य, तेही शेवटचं: "झेंडा काढा, जेवायला बसा."

"इतकं मजेदार आहे, मग तुमची माणसं का नाही करत?" इंद्रजितच्या लेकीनं, रचनानं, विचारलं होतं. ती शाळेत ड्रामा शिकवते.

"केलं ना एकदा," माहीनखानूम म्हणाल्या. "भिंतीवर कुठला झेंडा लावायचा, यावर पहिली तालीम मोडली. दुसऱ्या तालमीला बहमन आला नाही. प्रयोगाला अर्धे प्रेक्षक उठून गेले आणि उरलेले अर्धे, ते गेले म्हणून टाळ्या वाजवत बसले. मुली, हे नाटक अशा लोकांनी करायला हवं, ज्यांच्या घरात राजकारणावरून भांडणं होत नाहीत."

रचनानं एक क्षण विचार केला आणि म्हणाली, "आमचा मराठी मंडळ करेल!"

आता खरी चूक पाहा. रचनानं भाषांतर केलं, आजीनं तिची लिंगं-वचनं सुधारली, आणि भूमिका वाटायची वेळ आली तेव्हा दोघींनी मिळून एक कट केला. इंद्रजितला सांगितलं, बहमन तू. राजश्रीला सांगितलं, शिरीन तू. समोर कोण आहे, ते कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्या तालमीला भाऊ-बहीण दारात समोरासमोर आले. दोघांनी एकदम आईकडं पाहिलं.

"आई, हिला विचार, ही इथं काय करतेय?"

"आई, याला सांग, मी आधी आले."

दोघंही परत गेले असते. पण जो आधी जाईल तो हरला, असं दोघांनाही वाटलं. म्हणून दोघंही थांबले! माणसाची जिद्द कधी कधी अशी शहाणपणाच्या कामी येते.

ठरलं असं, की नाटकातली वाक्यं तेवढी एकमेकांशी बोलायची. बाकी सगळं आईमार्फत. आणि बहिऱ्या आईच्या भूमिकेत साक्षात द्रौपदीबाई! त्यामुळं तालमी अशा चालल्या:

"शिरीन, तू या घराला काळिमा फासलास! आई, तिला म्हणावं माझ्या पायावर उभी आहेस."

"बहमन, तुझं रक्त थंड झालंय! आई, त्याला सांग पाय एवढा पुढं कशाला पसरतो."

"अरे मेल्यांनो," द्रौपदीबाई शेवटी म्हणाल्या, "मी बहिरी हाय ना? मग बहिऱ्या बाईला निरोप कसले सांगता?"

रचना डोक्याला हात लावून बसे. "बाबा, आत्या, प्लीज! तुमचा ॲक्टिंग खूप चांगला आहे, पण स्क्रिप्टमध्ये एवढी राग नाहीये."

शेवटच्या तालमीला माहीनखानूम स्वतः आल्या. दोघांचा भांडणाचा प्रवेश पाहिला, पोट धरून हसल्या, आणि मग हसता हसताच गप्प झाल्या. त्या बोलत गेल्या आणि रचना मराठीत सांगत गेली.

"माझा भाऊ कामरान मेडनहेडला राहतो. इथून चाळीस मिनिटं. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. मी म्हणायचे अमुक लोक देश वाचवतील, तो म्हणायचा तेच बुडवतील. तिकडं काही झालं की मी रात्रंदिवस फोन लावायचे. मामेबहिणीला, तिच्या पोरांना. लाइन बंद. आणि इकडं कामरानचा फोन वाजायचा, तो मी उचलायचे नाही. बघा शहाणपणा! तिकडच्यांना फोन लागत नाही, म्हणून इकडच्यांचा उचलायचा नाही. आता तोही लावत नाही. आमचा वाद मला शब्द न् शब्द आठवतो, पण त्याचा आवाज आठवत नाही."

राजश्री थोडी हलली. पण ती वकीलबाई, लगेच सावरून म्हणाली, "खानूम, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण आमचा वाद लहान नाहीये. माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे. सगळे सारखेच, जाऊ दे, असं मी नाही म्हणणार."

"मुळीच म्हणू नकोस!" माहीनखानूम एकदम ताठ झाल्या. "मीही म्हणत नाही. माझी माणसं तुरुंगात गेलीत. मी कशी म्हणेन की राजकारण सोडा आणि भात खा? मत ठेव. ठणकावून सांग. पण ज्याला पटवायचं, तोच समोर नसेल तर कुणाला सांगतेस? अकरा वर्षं मी आरशाला पटवत होते, बाई. आरसा पहिल्याच दिवशी हो म्हणाला होता."

द्रौपदीबाईंनी लेकाकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. "बाबासाहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. स्वातंत्र्य, समता अन् बंधुता. दोन तुमी भांडायला घेतल्या. तिसरी कुठल्या खंडात ऱ्हायली, कुणाच्या कपाटात?"

इंद्रजितनं घड्याळ पाहिलं. राजश्रीनं पर्स उचलली. उद्या प्रयोग होता.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता, वॉटफर्डच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये. दीडशे माणसं. मराठी मंडळी कांदेपोहे खाऊन बसलेली. चाळीसेक इराणीही आले होते. मधली वाट सोडून त्यातले वीस डावीकडं बसले, वीस उजवीकडं, आणि एकमेकांकडं पाहायचं नाही म्हणून सगळेच छताकडं पाहत होते. त्यांच्यासाठी वर पडद्यावर इंग्रजी वाक्यं दिसणार होती. त्याचं बटण मंडळाच्या उदयच्या हातात. माहीनखानूमनी खरा भात रांधून आणला होता, केशर-बेदाणे घातलेला, भांड्याच्या बुडाशी सोनेरी खरपूस थर धरलेला. त्यातला एक थाळा रंगमंचावर द्रौपदीबाईंच्या नाकासमोर वाफाळत होता. खायचा नव्हता. नाटकातला होता.

पहिला तासभर हॉल हसून हसून लोळला. मग तो प्रवेश आला.

"शिरीन," इंद्रजित गरजला, "तू आपल्या वडिलांचं नाव बुडवलंस!" इथवर संहितेतलं. पण आवाज चढला होता, रक्त तापलं होतं, आणि त्याच्या तोंडून पुढं निसटलं, "दादासाहेबांचं नाव बुडवलंस!"

आता बहमनच्या बापाचं नाव दादासाहेब कसं असेल? पण राजश्रीला ते कुठलं सुचायला!

"दादांचं नाव तू घेऊ नकोस! दादांनी जन्मभर ज्यांच्याविरुद्ध मोर्चे काढले, त्यांच्याच मांडीवर जाऊन बसले तुझे लोक!"

"आणि तुझ्या लोकांनी तिकीट कुणाला दिलं? कारखान्याच्या चेअरमनच्या जावयाला!"

उदय घाबरून बटणं दाबत राहिला. पडद्यावर उमटलं की बहमन बहिणीकडं डाळिंब मागतो आहे आणि ती, आधी वसंताचं स्वागत कर, म्हणते आहे. डावीकडचे इराणी उजवीकडच्यांना पहिल्यांदाच म्हणाले, "डाळिंबावरून एवढं?"

"बरोबर बोलतोय तो!" तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उठले.

"काय डोंबल बरोबर? बसा खाली!" मागून त्यांचीच बायको म्हणाली.

पाच मिनिटांत अर्धा हॉल उभा! विंगेतून रचना हात हलवतेय, उदय डाळिंबावर अडकलाय, आणि रंगमंचावर फेटा घसरलेला बहमन आणि झगा खोचलेली शिरीन एकाच वेळी मधल्या खुर्चीकडं वळून ओरडताहेत:

"आई, तूच सांग याला!"

"आई, तूच सांग हिला!"

द्रौपदीबाई उठल्या. शाल सावरली. कठडा धरून एक-एक पायरी उतरल्या आणि कुणाकडंही न पाहता हॉलबाहेर चालू लागल्या. पहिल्या रांगेतल्या माहीनखानूम उठल्या आणि त्यांच्यामागून गेल्या. दार झुललं, मिटलं.

उभा असलेला अर्धा हॉल एकेक करून खाली बसला. टाचणी पडली असती तर तिलाही लाज वाटली असती.

"आई, त्याला विचार..." राजश्रीनं सवयीनं तोंड उघडलं आणि रिकाम्या खुर्चीपाशी थांबली.

"आई, तिला सांग..." इंद्रजितही थांबला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल हसला. मग ते हसू आपोआप विरलं, कारण रंगमंचावरच्या दोघांची तोंडं पांढरी पडली होती. सोळा महिन्यांत पहिल्यांदाच मधे कुणी नव्हतं. निरोप कुणाजवळ द्यावा?

इंद्रजितनं घसा खाकरला. मग हळूच, दुसरीकडं पाहत, म्हणाला, "ताई... आईनं दुपारची साखरेची गोळी घेतली का?"

"घेतली असेल ना. जेवल्यावर घेते ती."

"मग जेवली कधी?"

"म्हणजे? तुझ्याकडं जेवली ना? मी तिला अकरालाच इथं सोडलं. आजपासून तुझा आठवडा."

"मी तर दोनला आलो. मला वाटलं, तुझ्याकडून जेवून आली."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. अगदी सरळ, डोळ्यांत.

अरेरे! सकाळपासून म्हातारी उपाशी होती! चार तास हॉलमध्ये, वर तासभर भाताच्या वाफेसमोर, आणि एकानंही तोंड उघडून दुसऱ्याला विचारलं नव्हतं, आई जेवली का? शेकडो मैलांवरच्या, छे, हजारो मैलांवरच्या जनतेची काळजी वाहणारी ही दोन लेकरं!

"इंद्रा, चक्कर आली असली तर?"

"चल!"

बहमन आणि शिरीन रंगमंचावरून उड्या टाकून धावले. प्रेक्षकांना वाटलं हेही नाटकातलंच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

द्रौपदीबाई हॉलच्या किचनमध्ये सापडल्या. स्टुलावर बसून, हातानं, मोठे मोठे घास घेत भात खात होत्या. शेजारी माहीनखानूम भांड्याच्या बुडाचा खरपूस थर उलथन्यानं सोडवून त्यांच्या ताटात घालत होत्या.

"आई!" राजश्री दारातच रडायला लागली. "मला वाटलं..."

"वाटलं," द्रौपदीबाई घास गिळून म्हणाल्या. "तुला वाटलं, त्याला वाटलं. तुमच्या वाटण्यात माझ्या पोटात काय पडलं? तिकडं गावात कुणाची सत्ता आली, कुणाची गेली, सारं ठावं हाय तुमाला. अन् चार हातावर बसलेली माय जेवली का, ते न्हाई ठावं! मी काय पोष्टाची पेटी हाय? दोन्हीकडून टाकता नुसतं. पेटीला कुणी इचारतं का, तुला भूक लागली का म्हनून?"

इंद्रजित आईच्या पायाशी फरशीवरच बसला. "चुकलो, आई."

"मला नगं सांगू. मी आता कुणाचं कुणाला सांगणार न्हाई. जिला सांगायचं ती हितं उभी हाय."

इंद्रजितनं मान वर केली. "ताई, त्या दिवशी लाडवांचा फोटो... तुला डिवचायलाच टाकला होता. माझं मत माझं आहे, ते मी बदलणार नाही. पण डिवचायला नको होतं."

राजश्रीनं झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. "आणि मी 'विकायला' म्हटलं. तू विकला जाणारा नाहीस. चुकीचा आहेस, पण विकलेला नाहीस."

"चुकीचा कसा? ऐक, तुझ्या त्या..."

"आधी हात धू," माहीनखानूम इंग्रजीत म्हणाल्या आणि मराठी न कळताही अचूक ओळखून त्यांनी दोघांपुढं ताटल्या सरकवल्या. भांडणाचा सूर त्यांना पाठ होता.

तेवढ्यात धावत रचना आली. "आजी! बाबा! लोक बसलेत! शेवटची वाक्य राहिली आहे!"

"ती ओळ त्या बहिरीची," द्रौपदीबाई म्हणाल्या. "माझी ओळ निराळी. मला भूक लागली व्हती. झालं माझं नाटक."

रचना क्षणभर गोंधळली. मग किचन आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीत चहा द्यायची जी खिडकी असते, तिचं शटर तिनं दोन्ही हातांनी धडाडकन वर उचललं.

दीडशे माणसांना दिसलं: एका ओट्याभोवती तीन माणसं जेवताहेत. फेटा उतरलेला भाऊ तोंडात घास असताना हातवारे करून काहीतरी पटवतो आहे, बहीण मान हलवून "साफ चूक, साफ चूक" म्हणते आहे आणि म्हणता म्हणता त्याच्याच ताटात खरपूस तुकडा टाकते आहे. आई दोघांकडंही दुर्लक्ष करून जेवते आहे. गोळी शेजारी काढून ठेवली आहे.

या वेळी टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी बायकोला विचारलं, "तू पोहे खाल्लेस का?" मधल्या वाटेतून एक इराणी आजोबा उठून पलीकडच्या रांगेत गेले आणि तिथल्या कुणाला तरी हात धरून खिडकीकडं घेऊन आले. माहीनखानूमनी उलथनं उचललं आणि रांग लावायला सांगितलं. डावे-उजवे कुणी नाही, एकच रांग!

वाचकहो, आपण परमुलखात राहणारी माणसं. मागे सोडलेल्या गावाची काळजी वाटणं हा गुन्हा नव्हे. ती वाटलीच पाहिजे. मत असावं, पक्कं असावं, अन्यायाला अन्याय म्हणायची छाती असावी. पण आपल्या मताची किंमत घरच्या माणसाला उपाशी ठेवून मोजायची नसते. ज्याच्याशी भांडायचं, त्याला आधी जेवायला बोलवा. समोर बसलेल्या माणसाला पटवता येतं. दार लावून घेतलेल्या घरात आपलाच आवाज तेवढा आपल्याला हो म्हणतो. न्यायाच्या गोष्टी करणाऱ्यानं निदान एवढा न्याय रोज करावा, की समोरच्याला विचारावं, जेवलास का? आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.